कागदाचा बहर

लेस्टर
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय मंजिरीताई,

रविवारी तुमचा फोन आला तेव्हा मी नुसतं "हो, हो" करत होते, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. कानातलं मशीन आणि फोन यांचं काही केल्या जुळत नाही. आवाज येतो, शब्द येत नाहीत. आर्या काहीतरी सांगून हसली म्हणून मीही हसले, पण कशाला हसले ते देव जाणे. तेव्हा ठरवलं, आता सरळ पत्र लिहायचं. तुम्हीही लिहा. हॅरोहून दोन दिवसांत मिळतं.

वरदा गेली त्याला नोव्हेंबरात दोन वर्षं झाली. मुलगी गेली की जावयाच्या घराचं दार हळूहळू मिटतं, असं मला इथल्या दोघीतिघींनी ऐकवलं होतं. तुम्ही तसं होऊ दिलं नाहीत. अंबरीश तुमचा मुलगा, आर्या तुमच्या अंगाखांद्यावर वाढतेय, तरी सुट्टी लागली की तुम्ही तिला माझ्याकडे पाठवता. हे मी कधी तोंडाने बोलले नाही, म्हणून लिहून ठेवते.

माझी बातमी म्हणजे इथल्या जीपी डॉक्टरने मला म्हाताऱ्यांच्या डे सेंटरला घातलंय. हो, घातलंय, शाळेत घालतात तसं. मंगळवारी आणि शुक्रवारी मिनीबस दारात येते. पहिल्या दिवशी जॅकी नावाची तिथली बाई माझ्यापुढे पिवळे कागद, ग्लू आणि बोथट कात्री ठेवून म्हणाली, "अरुणा, आपण डॅफोडिल करू या का?" शहात्तराव्या वर्षी बालवाडी! आमचे हे आज असते तर पोट धरून हसले असते.

पण तिथे एक लांबच लांब कॉरिडॉर आहे, भिंत कळकट पिवळी. जॅकीला त्या भिंतीवर वसंत ऋतू आणायचाय. ब्राउन पेपर पिळून चेरीचं झाड, त्यावर टिश्यूची गुलाबी फुलं, खाली डॅफोडिल. सगळ्यांची फुलं गोळ्यासारखी होत होती. मी म्हटलं, थांबा. कागद चौपदरी घेतला, साडीच्या निऱ्या घालतो तशा घड्या घातल्या, मधोमध दोरा बांधला आणि एकेक पाकळी उलगडली. मंजिरीताई, टेबलाभोवतीचे सगळे माना पुढे काढून बघायला लागले. आता सगळी माझ्याकडून "प्लीट्स" शिकतायत.

ईस्टरच्या सुट्टीत, दहा एप्रिलला, घरच्यांना ती भिंत बघायला चहाला बोलावलंय. आर्याला तेव्हा पाठवाल ना? मी सगळ्यांना सांगून ठेवलंय की माझी नात येणार.

तुमची,
अरुणा


हॅरो
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय अरुणाताई,

तुमचं पत्र आर्याला वाचून दाखवलं. निऱ्यांचं फूल तिला काही समजेना, म्हणून मी टिश्यू घेऊन करायला गेले. कोबी झाला. आर्या म्हणाली, लेस्टर आजीच पाहिजे याला.

तुम्ही सेंटरला जाताय याचा मला फार आनंद झाला. सोबत थोडा क्रेप कागद पाठवते, इथल्या दुकानात फिका गुलाबी छान मिळाला. ह्यांचा गुडघा बरा आहे. अंबरीशही आता वेळेवर जेवतो, ऑफिसातून लवकर येतो. चेहऱ्यावर जरा तजेला आलाय.

ईस्टरचं मात्र या खेपेला जमेलसं वाटत नाही. आर्याचं स्विमिंग आहे, शिवाय घरात त्या आठवड्यात थोडी गडबड आहे. मे महिन्यात हाफ-टर्मची सुट्टी असते, तेव्हा बघू या. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. भिंतीचे फोटो कोणाकडून तरी काढून घ्या, आम्ही सगळे बघू.

थंडी अजून आहे, हीटिंग बंद करून बसू नका. तुमची सवय मला माहीत आहे.

तुमची,
मंजिरी


लेस्टर
३ मार्च २०२५

प्रिय मंजिरीताई,

क्रेप कागद मिळाला. रंग अगदी हवा तसा होता, झाडाच्या वरच्या फांद्या त्यानेच भरल्या.

भिंत आता ओळखू येत नाही. माझ्याशेजारी मॉरीन नावाची बाई बसते. उभा जन्म इथल्या होजिअरीच्या फॅक्टरीत गेला, मोजे शिवले. संधिवाताने बोटं अशी वाकलीत की कात्रीत अंगठा जात नाही. पण मदत केलेली तिला खपत नाही. एक डॅफोडिल करायला तिला तीन-चार मंगळवार लागले. पाकळ्या वेड्यावाकड्या, मधली वाटी म्हणजे केकचा कागदी कप. ते लावल्यावर ती वॉकर धरून त्याच्यासमोर उभीच राहिली. मी म्हटलं, "छान झालंय." ती म्हणाली, "छान नाही झालं, पण माझं आहे."

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. तुम्ही "गडबड आहे" असं लिहिलंत. स्विमिंग तर आर्याचं दर वर्षी असतं, तरी ती येते. मी चार दिवस विचार करतेय आणि मला वाटतं, मला कारण कळलंय. ऑक्टोबरात ती माझ्याकडे आली होती तेव्हा मी वरदाच्या लहानपणाच्या गोष्टी सांगत बसले. पोर रडली, मीही रडले. घरी येऊन तिने काही सांगितलं असेल. तुमचं बरोबर आहे, दहा वर्षांच्या मुलीला आजीकडे येऊन रडायला कशाला पाठवायचं?

मंजिरीताई, मी शब्द देते. ती इथे असेपर्यंत मी वरदाचं नाव काढणार नाही. वरदाच्या खोलीचं दारही लावून घेईन. आम्ही दोघी फुलं करू, डोसे खायला बेलग्रेव्ह रोडला जाऊ, बस्स. दोन दिवस तरी पाठवा. एकच दिवस पाठवलंत तरी चालेल.

तुमची,
अरुणा


हॅरो
८ मार्च २०२५

अरुणाताई,

तुमचं पत्र वाचलं. ह्यांनी विचारलं काय झालं, तर पत्रच त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "आता आणखी एक दिवसही थांबू नकोस."

तुमचं काहीही चुकलेलं नाही. आर्या तुमच्याकडून आली ती आईच्या गोष्टी मला सांगत आली. आईने स्वतःच्या लेकीचं नाव काढायचं नाही, ही पाळी तुमच्यावर माझ्या गप्प राहण्याने आली.

अंबरीश लग्न करतोय. बारा एप्रिलला, इथल्याच रजिस्टर ऑफिसात. आम्ही घरचे आणि तिचे आईवडील, एवढेच.

तिचं नाव देवयानी. स्लाऊला फार्मसिस्ट आहे. पहिलं लग्न मोडलं, मूल नाही. गेल्या उन्हाळ्यापासून आमच्याकडे येते. मुलगी चांगली आहे, अरुणाताई. खोटं कसं लिहू? आर्याचे केस विंचरते, तिच्याशी बसून गणितं सोडवते. पहिल्यांदा अंबरीशला मी मोठ्याने हसताना ऐकलं तेव्हा मला बरं वाटलं, आणि लगेच तुमचा चेहरा डोळ्यांपुढे आला. तेव्हापासून रोज हेच चाललंय.

अंबरीशला म्हटलं, तू लेस्टरला जा, त्यांच्यासमोर बसून सांग. तो म्हणाला, "आई, तू सांग. मला त्यांच्याकडे बघवणार नाही." मी चिडले त्याच्यावर. मग स्वतःच महिना महिना ढकलत राहिले.

तुम्ही या, असं म्हणायचं मला धाडस होत नाही. येऊ नका असं म्हणणारी मी कोण? म्हणून नुसतं कळवते. रागवा, वाटेल ते लिहा. पण लिहा.

मंजिरी


हॅरो
२ एप्रिल २०२५

अरुणाताई,

तीन आठवडे झाले, तुमचं पत्र नाही. फोन वाजून वाजून बंद होतो. काल न राहवून ह्यांनी तुमच्या सेंटरला फोन केला. जॅकी म्हणाली की तुम्ही अकरा मार्चच्या मंगळवारनंतर आला नाहीत, तिथे काहीतरी अप्सेट झालं. जास्त काही सांगेना. दारावर जाऊन तुम्हाला बघून आले, तुम्ही ठीक आहात, एवढंच म्हणाली.

काय झालं? मी येऊ का? तुम्ही दार उघडलं नाहीत तरी चालेल, मी पायरीवर बसेन.

मंजिरी


लेस्टर
१५ एप्रिल २०२५

मंजिरीताई,

तुम्ही आला नाहीत ते बरं केलंत. मी खरंच दार उघडलं नसतं.

तुमचं पत्र आलं तेव्हा मिनीबस दारात उभी होती. मी ते उभ्याउभ्याच वाचलं, पर्समध्ये टाकलं आणि बसमध्ये चढले. रोजच्यासारखी सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हटलं. जॅकीने विचारलं, "चहाच्या दिवशी तुझ्या नातीसाठी एक कपकेक धरू ना?" मी म्हटलं, "धर."

मग सगळे जेवायला आत गेले. मी कॉरिडॉरमध्ये मागे राहिले. झाडावरचं एक फूल कलंडलं होतं, ते सरळ करायला हात लावला तर निघून हातात आलं. दुसऱ्याला लावला, तेही आलं. मग मी थांबले नाही. फांद्या ओढल्या, खोड ओढलं. खालची डॅफोडिल होती, तीही. कोणाची कोणती हे बघितलंसुद्धा नाही. ब्राउन पेपर फाटताना केवढा आवाज होतो, मंजिरीताई! तो मला ऐकू येत होता, आणि मला बरं वाटत होतं. हे कोणाला सांगू नका.

मागे वळले तर सगळे दारात उभे. जॅकीने माझ्या खांद्याभोवती हात टाकला आणि म्हणाली, "असू दे गं, कागदच आहे." तिला मला धीर द्यायचा होता. पण मॉरीनने वाकून जमिनीवरून एक पिवळा तुकडा उचलायचा प्रयत्न केला. बोटांनी उचलला जाईना. ती मला एवढंच म्हणाली, "हे माझं होतं."

त्यानंतर मी सेंटरला गेले नाही. कोणत्या तोंडाने जाणार होते? माझं घर जळलं म्हणून मी दुसऱ्यांच्या घराला काडी लावून आले होते. दहा तारखेचा चहा झाला म्हणे, नुसत्या भिंतीसमोर.

बारा तारखेला सकाळी अंघोळ करून बसले. मुहूर्ताची वेळ तुम्ही कळवली नव्हती, बरंच झालं. नाहीतर घड्याळाकडे बघत बसले असते. दुपारी दारावरच्या बेलला जोडलेला दिवा लुकलुकला. बघते तर मॉरीन. टॅक्सी करून आलेली, वॉकरला पिशवी अडकवलेली. पिशवीत गुलाबी टिश्यूचे गठ्ठे. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "ते नंतर. मला कागद धरता येत नाही. तू धर, मी कापते." स्वतःसाठी कुठूनशी स्प्रिंगची कात्री आणली होती, नुसती दाबली की कापते. मग आम्ही दोघी माझ्या डायनिंग टेबलावर बसलो. ती कापायची, मी घड्या घालायची. खूप वेळाने मीच म्हटलं, "आज माझ्या जावयाचं लग्न आहे."

ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या मुलीने त्याला सोडलं?"

"नाही. ती गेली."

तेव्हा मात्र तिने कात्री खाली ठेवली. तिने मला जवळ घेतलं नाही. किटली कुठेय विचारलं आणि चहा केला. फार वाईट चहा होता. मी पुरा प्यायले.

काल आमचा सेंटरचा दिवस नव्हता, तरी जॅकीने आमच्यासाठी सेंटर उघडलं. आम्ही झाड परत लावायला सुरुवात केली. बाहेरचा खरा बहर एव्हाना झडून फुटपाथवर पडलाय. आमचं आता उशिरा फुलणार.

तुमच्यावर मी रागावले नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. तुम्ही लिहिलंत, "मुलगी चांगली आहे." ते वाक्य मला अजून पुरं वाचवत नाही. ती वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. अंबरीशचं वय चव्वेचाळीस, त्याने एकट्याने जन्म काढावा असं मी कोणत्या न्यायाने म्हणू? माझं डोकं हे सगळं समजतं. बाकीची मी समजत नाही.

अरुणा


हॅरो
२७ एप्रिल २०२५

प्रिय लेस्टर आजी,

मी हा पत्र मराठीत लिहिते कारण मला तुला सिक्रेट विचारायचा आहे. हॅरो आजीने स्पेलिंग बघितली पण तिने प्रॉमिस केला ती काय बोलणार नाही.

लग्न झाला. मी निळी फ्रॉक घातली. केक चांगला होता. मला तुझी आठवण आला.

शाळेत टीचरने विचारला, आज कोण येणार घ्यायला. मी बोलली देवयानी. टीचर बोलली, इज शी युअर मम? मला माहीत नव्हता काय बोलायचं तर मी शूज बांधत बसली.

आजी, मी तिला काय बोलू? बाबा बोलतो तुला पाहिजे ते. पण मला माहीत नाही मला काय पाहिजे. ती खूप काइंड आहे. मी तिला आई बोलली तर आईला वाईट वाटेल का? तू आईची आई आहे म्हणून तुला विचारते.

हाफ-टर्ममध्ये मी येऊ का? देवयानी बोलली ती ड्राइव्ह करेल.

लव्ह,
आर्या


लेस्टर
५ मे २०२५

माझ्या लाडक्या आर्या,

तुझं पत्र आलं. मराठी छान लिहिलंस. मी एक उत्तर लिहिलं आणि टाकून दिलं, कारण ते मोठ्या माणसासाठी होतं. हे दुसरं आहे.

तुझी आई तीन वर्षांची असताना मी कामाला जायचे. तिला सांभाळायला इथलीच एक बाई होती, मिसेस पार्कर. तिच्याकडे असणारी सगळी मुलं तिला "मम" म्हणायची, म्हणून तुझी आईही म्हणायला लागली. एकदा मी तिला घ्यायला गेले आणि दारातून ते ऐकलं. मला ते फार लागलं. पण त्याच आठवड्यात तिला ताप आला, तेव्हा तिने माझी साडी मुठीत धरली ती सोडलीच नाही. मग मला कळलं की "मम" म्हटल्याने माझं काही कमी झालेलं नाही.

तुझ्या आईला वाईट वाटेल का, ते मला माहीत नाही, बाळा. मला वाटेल, थोडंसं. मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. पण माझं वाईट वाटणं माझ्यापाशी राहू दे, ते तू उचलायचं नाहीस. तुझ्या तोंडात आपोआप जे येईल ते म्हण. घाई नाही. टीचरनी विचारलं तर सांग, "शी इज देवयानी, अँड शी इज माइन." तेवढं पुरतं.

हाफ-टर्मला ये. नक्की ये.

तुझी,
आजी


लेस्टर
१ जून २०२५

प्रिय मंजिरीताई,

आर्याने तुम्हाला शुक्रवारचं सगळं सांगितलं असेल. पण तिला जे दिसलं नाही ते मी सांगते.

सकाळी दहाला गाडी आली. मी दारात उभी होते. देवयानी गाडीतून उतरलीच नाही. काच खाली करून हात जोडले आणि म्हणाली, "मी इथेच आसपास आहे. तुम्ही दोघी निवांत राहा." मी मान हलवली. मला तिला "ये" म्हणता आलं असतं. म्हटलं नाही.

आर्याला मिनीबसमधून सेंटरला नेलं. तिला भिंत दाखवायची होती, पण बहर त्याच आठवड्यातल्या मंगळवारी उतरवून झाला होता. आता तिथे निळा कागद लागलाय, समुद्र करायचाय. आर्या थोडी हिरमुसली. मॉरीनने तिला स्प्रिंगची कात्री दिली आणि दोघींनी मासे कापले. मॉरीनने तिला विचारलं, "तू वरदाची मुलगी ना?" मंजिरीताई, त्या बाईने वरदाला कधी पाहिलंसुद्धा नाही. आर्या म्हणाली, "येस." केवढ्या ऐटीत म्हणाली!

तीनला परत आलो तर गाडी तिथेच. सकाळी होती त्याच जागी. देवयानी आत बसून पुस्तक वाचत होती, शेजारी सँडविचचं रिकामं पाकीट. एवढ्या गरमीत ती दिवसभर तिथेच बसली होती. मी काचेवर टकटक केलं.

"इथेच होतीस?"

"आर्याला काही लागलं तर... म्हणून थांबले, काकू."

"आत ये."

ती आली. चपला दाराबाहेर काढल्या. हॉलमध्ये वरदाचा फोटो आहे, त्याच्यासमोर क्षणभर उभी राहिली. नमस्कारबिमस्कार केला नाही, दाखवण्यासाठी काहीच केलं नाही. नुसतं बघितलं आणि मला म्हणाली, "आर्याची हनुवटी इथून आलीय."

आमच्या आईकडे रीत होती. दुसरेपणाची बायको पहिलीच्या माहेरी आली की तिला लेक मानायचं, तिची ओटी भरायची. माझ्या मावशीच्या घरी हे मी लहानपणी पाहिलंय. आठवडाभर माझ्या मनात तेच होतं. बेलग्रेव्ह रोडवरून नारळ आणि ब्लाउजपीस आणून ठेवला होता. कोणाला सांगितलं नव्हतं. तिला पाटावर बसवलं, कुंकू लावलं. तिने ओढणी पुढे पसरली. मी ओंजळीत तांदूळ घेतले आणि माझे हात पुढे जाईनात. तिच्या ओढणीपर्यंत वीतभरही अंतर नव्हतं. पण या तांदळांखाली वरदाची ओटी होती, लग्नातली, डोहाळजेवणातली. आर्या एकदा माझ्याकडे बघे, एकदा तिच्याकडे.

शेवटी म्हटलं, "देवयानी, माझ्याने नाही होत गं आज."

तिने ओढणी हळूच गोळा केली. रडली नाही, रुसली नाही. म्हणाली, "राहू दे, काकू. आर्या सेंटरमध्ये काही जेवली नाही म्हणाली. भात लावू का?"

मी ओंजळीतले तांदूळ पातेल्यात सोडले. त्यात आणखी दोन मुठी टाकल्या. तिने धुतले, मी वरणाची फोडणी केली. तिघी ओट्यापाशीच जेवलो. आर्याने दोनदा भात घेतला.

जाताना आर्याने मला मिठी मारली. देवयानी वाकली, मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तेवढं झालं माझ्याकडून. गाडी वळणावर गेली तरी मी दारात होते, मग आत आले आणि वरदाच्या खोलीत जाऊन पोटभर रडले.

नारळ देवापुढे ठेवलाय. बरेच दिवस टिकतो तो. देवयानीला सांगा.

तुमची,
अरुणा